भिगवणचा कोरा रोल

नमस्कार मंडळी. पक्ष्यांच्या फोटोंवरून मी कॉम्प्युटरवरच्या चित्रांकडे कसा वळलो, यावर बोला म्हणालेत आज. खरं सांगू का, एका कोऱ्या रोलमुळे वळलो.

साल असेल ९५-९६, थंडीचे दिवस. पाषाण तलावावर बगळे काढून काढून कंटाळलो होतो, म्हणून मामाचा कॅमेरा मागून आणला, ३६ फोटोंचा एकच रोल, आणि पहाटे स्वारगेटवरून एसटी पकडून भिगवणला, उजनीच्या बॅकवॉटरला. तिथे एका मच्छीमाराच्या होडीत बसलो, सगळे त्यांना नाना म्हणायचे. आता रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, उभा असला ना की लांबून पांढराच दिसतो, लाल असतो तो पंखात मिटलेला. उडाला की दिसतो. परत सांगतो, उडाला की. म्हणून दोन तास गप बसून राहिलो. हल्लीचे लोक मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यालाच बोलावून घेतात, तेही विणीच्या दिवसात, कानाखाली द्यावीशी वाटते, असो. तर उडाला की हो अख्खा थवा! मी लिव्हर ओढतोय, बटण दाबतोय, काउंटर ३६, ३८, ४१... नाना म्हणाले, "दादा, रीळ संपंना व्हय तुमचं?" मी म्हटलं, "नाना, भारी कॅमेरा आहे."

चौथ्या दिवशी दुकानदाराने काचेवर धुतलेल्या रोलची पट्टी ठेवली. कोरी. रोलचं टोक स्पूलमध्ये, म्हणजे रोल गुंडाळून घेणाऱ्या चकरीत, अडकलंच नव्हतं. ज्यांच्याकडे जुना कॅमेरा असेल त्यांनी ऐका, लिव्हर ओढली की डावीकडचा नॉब फिरला पाहिजे. नॉब फिरला नाही तर रोल सरकत नाहीये.

मग काय, डोळ्यात होतं ते पेन्सिलने काढलं. वाईट काढलं. फोटोशॉपला लेयर्स, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवायचे थर, आले १९९४ ला, माझ्या हाती लागले बऱ्याच उशिरा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. एका लेयरवर पाषाणचं आभाळ, एकावर नंतर काढलेलं उजनीचं पाणी, वर हाताने काढलेला थवा. रंगच तीन महिने जमत नव्हता, सगळे रोहित पेपरमिंटच्या गोळीसारखे गुलाबी! पण खाली मी लिहितो, रचलेलं चित्र. फोटो म्हणून खपवत नाही. जोडकाम करून वर नेचर फोटोग्राफीच्या स्पर्धेत पाठवणारे बघितलेत मी, नावं नाही घेत.

आणि गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ ला केला तो रोल विकणाऱ्या कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसनने, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तेवढ्यात आमचे रोहित दिसेनासे झाले असते.

गेल्या हिवाळ्यात ते चित्र नानांना दाखवायला नेलं. थकलेत आता, होडी मुलगा चालवतो. मोबाईल डोळ्यापाशी धरून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "समदं झ्याक हाय, पर माझी होडी कुठं हाय ह्यात?"

तेव्हापासून होडीच काढतोय. पुढचं टोक अजून जमलेलं नाही.