सिगार घरी ठेवताना: पेटीतला ओलावा

सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची गुंडाळी. आत फिलर, त्याला आवळून धरणारं बाइंडर आणि बाहेरून रॅपर. ही पानं वाळवलेली, मुरवलेली असली तरी भोवतालच्या हवेतला ओलावा शोषत आणि सोडत राहतात. म्हणून साठवणीचा सगळा प्रश्न ओलाव्याचा आहे, आणि नुसती महागडी पेटी आणून तो सुटत नाही.

आकडे आधी सांगतो. सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्के, तापमान 18 ते 21 अंश सेल्सिअस. माझा कल खालच्या टोकाकडे, 65 कडेच आहे. आर्द्रता 72 च्या पुढे गेली की सिगार सादळतो. मग तो ओढायला जड जातो, सारखा विझतो, एकाच बाजूने जळतो, आणि आतलं फिलर फुगून रॅपरला चीर पडते. फार कोरडा पडला तर रॅपर ठिसूळ होतं आणि धूर गरम, तिखट लागतो. पण कोरडा सिगार हळूहळू सावरता येतो. बुरशी लागलेला टाकूनच द्यावा लागतो.

आता हे मोजायचं कशाने? पेटीच्या झाकणात बसवलेल्या काट्याच्या हायग्रोमीटरवर विसंबू नका. वेगळा डिजिटल घ्या, आणि तोही आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून गेलं तर चाचणी फसली. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद झिप पिशवीत, एकमेकांना न चिकटता, रात्रभर ठेवा. खोलीच्या तापमानाला पिशवीतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी आकडा 71 दिसला, तर तुमचं यंत्र 4 ने कमी दाखवतं, एवढं त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

सिगारच्या लाकडी पेटीला, म्हणजे ह्युमिडॉरला, आतून बहुधा स्पॅनिश सीडरचं लाकूड असतं. नावात सीडर असलं तरी हे झाड महोगनीच्या कुळातलं. नव्या पेटीचं लाकूड कोरडं असतं, आणि त्यात थेट सिगार भरले तर ते सिगारमधलाच ओलावा ओढून घेतं. त्यासाठी पेटी आधी मुरवायची: 84 टक्क्यांची आर्द्रता-पाकिटं (आतली हवा ठरलेल्या आर्द्रतेवर राखणारी तयार पाकिटं) आत ठेवून दोन आठवडे झाकण बंद. ओल्या फडक्याने लाकूड पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. लाकडाचे तंतू उठतात, फळी वाकते, आणि मग झाकण नीट बसत नाही. नंतर रोजच्या वापराला 65 किंवा 69 ची पाकिटं, साधारण 25 सिगारच्या जागेला 60 ग्रॅमचं एक. पाकीट कडक झालं की बदला. स्पंज वापरत असाल तर पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजात साचतात.

खरं सांगायचं तर, दहा-वीस सिगारसाठी लाकडी पेटीची गरजच नाही. घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लॅस्टिकचा खाण्याचा डबा आणि एक पाकीट, इतकं पुरतं. डबा पंधरवड्यातून एकदा उघडून हवा पालटा. रोजच्या फ्रिजमध्ये मात्र सिगार उघडे ठेवू नका. तिथली हवा कोरडी, आणि तंबाखू शेजारचे वास चटकन धरतो.

उष्णतेचा धोका वेगळा आहे. तंबाखूत एका बारीक तपकिरी भुंग्याची अंडी असू शकतात, आणि तापमान बराच काळ 24 च्या वर राहिलं की ती फुटण्याचा धोका वाढतो. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि खाली भुकटी दिसली, तर सगळे सिगार बाहेर काढा. भोकं पडलेले फेकून द्या. बाकीचे दुहेरी झिप पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस उणे 18 च्या फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग खोलीत. घाई केली तर रॅपर तडकतं. पेटी रिकामी करून झटकून पुसायला विसरू नका.

ओढण्याबद्दल थोडक्यात. टोपीवरून, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकावरून, जेमतेम 2 मिलिमीटर कापा. खाली कापलं तर रॅपर उलगडतं. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास उतरतो. ज्योत टोकाला न टेकवता सिगार फिरवत कडा शेकून घ्या. मिनिटाला एखादाच झुरका, धूर तोंडातच ठेवायचा. तरीही तंबाखू तो तंबाखूच, कर्करोगाचा धोका त्यातही आहेच. अर्धवट राहिलेला सिगार रक्षापात्रात आपोआप विझू द्या, आणि तो पेटीत परत ठेवू नका. त्याचा वास बाकी सगळ्यांना लागतो.