वसंतदादा, उसाचं बिल आणि आपली डिग्री

(महाराष्ट्र दिनाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

आधी एक विनंती. महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजातून ज्यांनी डिग्री घेतली, त्यांनी जरा हात वर करा. राहू द्या क्षणभर. बघा आजूबाजूला. माझाही हात त्यात आहे. हे सगळे हात ज्या माणसाच्या एका निर्णयापाशी जाऊन पोचतात, त्याच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. तो माणूस स्वतः सातवीपर्यंत शिकला होता.

वसंतराव बंडूजी पाटील. आमच्या भागात ‘दादा’ म्हटलं की पुढे नाव लावावं लागत नाही. जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, गाव सांगलीजवळचं पद्माळे. पोर तान्हं असतानाच आईवडील प्लेगात गेले आणि आजीनं वाढवलं. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि बेचाळीसनंतर भूमिगत झाले. तारा तोडणं, सरकारी कारभार खिळखिळा करणं ही त्या पोरांची कामं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान. दादा पकडले गेले आणि सांगलीच्याच तुरुंगात आले.

हा तुरुंग गावाबाहेर कुठे नव्हता. सांगलीच्या मध्यावर गणेशदुर्ग नावाचा भुईकोट आहे, त्याच्या आत. भोवती तट, तटाखाली खंदक. २४ जुलै १९४३. आषाढ-श्रावणातली कृष्णा कशी असते ते सांगलीकरांना सांगायला नको. नदीला पूर आलेला. त्या दिवशी दादांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांना काबूत घेतलं, त्यांच्या बंदुका काढून घेतल्या, तटावर चढले आणि खाली खंदकात उड्या टाकल्या. पाठलाग सुरू झाला. गोळ्या सुटल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे त्या दिवशी गेले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा हाती लागले. वय पंचवीस.

माझे आजोबा ही गोष्ट सांगताना दर वेळी याच ठिकाणी थांबायचे. दादा मुख्यमंत्री झाले तेव्हा गावात पेढे वाटले होते, पण आजोबांना त्या खुर्चीचं फार कौतुक नव्हतं. त्यांचा दादा म्हणजे तटावर चढलेला. मला लहानपणी वाटायचं, आजोबा जुन्यातच अडकलेत. आता वाटतं की पुढचे सगळे दादा त्या तटावर दिसतातच. आत बसून वाट बघायची नाही, पुराचं पाणी असलं तरी उडी टाकायची.

१९४६ मध्ये सुटका झाली. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत सांगलीतून आमदार झाले. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आमदारकी असूनही १९७२ पर्यंत त्यांनी मंत्रिपद घेतलं नाही. मधली वीस वर्षं कुठे गेली? पक्षाच्या कामात गेली आणि उसात गेली.

प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला होता. सांगलीत तेच दादांनी केलं, आणि असं केलं की हा कारखाना आशियातल्या मोठ्या सहकारी कारखान्यांत गणला जाऊ लागला. तोवर आमच्याकडे ऊस म्हणजे गुऱ्हाळ. गुळाचा भाव अडत्यानं ठरवायचा, मोजून दिले तेवढे पैसे घेऊन घरी यायचं. कारखाना आला आणि माझे वडील ‘सभासद’ झाले. हा शब्द ते कसा उच्चारायचे हे मला अजून आठवतं. शेअरचा कागद घरात देवाच्या फोटोमागे ठेवलेला असायचा. कोणाच्या उसाला तोड कधी येणार, पहिला हप्ता किती जाहीर झाला, दिवाळीला सभासदांना साखर किती, घरातली अर्धी बोलणी यावरच असायची. आमच्या शेतातून गेलेल्या उसाचा आम्हाला आकडा कळत होता आणि बिल सोसायटीत जमा होत होतं. वडिलांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं.

राजकारणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. मे १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. १९७८ च्या निवडणुकीनंतर फुटलेल्या दोन काँग्रेसचं आघाडी सरकार चालवलं, आणि त्याच जुलैत शरद पवार बाहेर पडल्यानं ते कोसळलं. पाठीत खंजीर हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात तेव्हापासून जो चिकटला, तो आजही निघालेला नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री, आणि जून १९८५ मध्ये पक्षाशी बिनसल्यावर राजीनामा. नंतर राजस्थानचे राज्यपाल.

मला थांबायचं आहे ते १९८३ वर.

त्या काळी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजं होती किती? पुण्याचं सरकारी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती, अशी बोटांवर मोजता यावीत इतकी. एका-दोन मार्कांनी हुकलेला मुलगा सरळ बीएस्सीला जायचा. ज्याच्या बापाकडे पैसा असेल तो कर्नाटकात डोनेशन भरून शिकायचा. आपली पोरं आणि आपला पैसा शेजारच्या राज्यात जात होता. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसे नव्हते. दादांनी संस्थांना सांगितलं, अनुदान मिळणार नाही, पण परवानगी मिळेल. काढा कॉलेजं.

विरोध फार झाला, आणि तो खोटा नव्हता. शिक्षणाचा बाजार होईल असं लोक म्हणत होते आणि तो झालाही. अनेक संस्था पुढाऱ्यांच्याच घरात गेल्या. पावतीवर एक आकडा आणि टेबलाखाली दुसरा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं फ्री सीट (सरकारी कॉलेजइतकी फी) आणि पेमेंट सीट (जास्त फी) आल्या, तोवर गुणवत्ता असून खिशात नाही म्हणून कितीतरी मुलं दारातूनच परत गेली. आपण आत गेलेले आहोत, म्हणून परत गेलेल्यांना विसरून दादांचे गोडवे गाणं मला जमणार नाही.

पण मी १९८४ च्या प्रवेशाचा. बारावीला मार्क बरे होते, सरकारी कॉलेजला पुरतील इतके नव्हते. आमच्या कॉलेजचं वय वर्ष एक. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये, पाऊस आला की सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. वर्कशॉपमध्ये चालू लेथ एकच आणि भोवती आम्ही तीस जण. फी मात्र पूर्ण. ती फी वडिलांनी उसाच्या बिलातून भरली. पहिल्या वर्षी हप्ता आला नव्हता, तर सोसायटीनं बिलावर उचल दिली.

हे दोन धागे एकाच माणसानं विणलेले होते हे मला वयाच्या चाळिशीत, इथे राहायला आल्यावर कळलं. कारखाना नसता तर फी भरता आली नसती आणि कॉलेज नसतं तर ती भरायची कुठे? वडिलांना हे केव्हाच कळलेलं होतं. १ मार्च १९८९ ला दादा गेले त्या दिवशी माझं शेवटचं वर्ष होऊन थोडाच काळ लोटला होता. वडील सायकलवरून सांगलीला गेले आणि रात्री उशिरा परत आले. जेवले नाहीत. काही बोललेही नाहीत.

तो कारखाना पुढे कर्जात बुडाला आणि भाडेपट्ट्यानं चालवायला द्यावा लागला. भावानं फोनवर ते सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा देवाच्या फोटोमागचा तो कागद आठवला. भावाला विचारलं, आहे का अजून? म्हणाला, आहे, तिथेच.

गेल्या सुट्टीत मुलीला घेऊन गणेशदुर्गात गेलो होतो. तिनं तटाकडे बघून विचारलं, “बाबा, इथून उडी? पोहता येत होतं सगळ्यांना?” मला उत्तर माहीत नव्हतं.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती करून थांबतो. आपल्या दिनदर्शिकेत २४ जुलै कोरा आहे. पुढच्या वर्षीच्या छपाईत तिथे दोन नावं घाला: अण्णासाहेब पत्रावळे, बाबूराव जाधव.