लालबाग ते चांदबाग

लखनौचा अमीनाबाद बाजार आजही इतका गजबजलेला असतो, की येथे एखादा वर्ग भरत असेल अशी कल्पनाही करवत नाही. याच बाजारातील एका खोलीत १८ एप्रिल १८७० रोजी इझाबेला थोबर्न यांनी सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली; तिचेच पुढे इझाबेला थोबर्न कॉलेज झाले. अमेरिकेतील मेथॉडिस्ट चर्चच्या स्त्रियांनी १८६९ मध्ये बॉस्टन येथे स्वतःची मिशनरी संस्था काढली होती आणि तिने भारतात पाठवलेल्या पहिल्या दोघींपैकी थोबर्न या एक होत्या. दुसऱ्या, डॉक्टर क्लारा स्वेन, बरेलीला गेल्या. मुलींची शाळा लोकांना रुचेल याची खात्री नसल्यामुळे दाराशी लाठी घेतलेला पहारेकरी उभा करावा लागला होता.

पुढच्याच वर्षी शाळेसाठी लालबाग ही जागा विकत घेण्यात आली. नवाबी काळातील या वास्तूकडे थोडे थांबून पाहावे, कारण संस्थेचा पाया येथील वसतिगृहात घातला गेला, असे आम्हाला वाटते. राज्यकर्त्यांच्या आणि प्रजेच्या वस्त्याही जेव्हा वेगळ्या असत, तेव्हा हिंदुस्तानी आणि युरेशियन (युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या) मुलींनी एकत्र शिकावे असा थोबर्न यांचा आग्रह होता. शाळेच्या इयत्ता एकेक करून वाढत गेल्या आणि मग मॅट्रिकनंतर मुलींनी जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. तो एका विद्यार्थिनीच्या आईने धसास लावला: कॉलेजचा वर्ग काढावा म्हणून तिने आपल्याकडून ५०० रुपये देऊ केले. १८८६ मध्ये तो वर्ग सुरू झाला आणि कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले.

याच कॉलेजच्या पदवीधर लीलावती सिंह पुढे येथेच प्राध्यापिका झाल्या. १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी भारतीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची बाजू मांडली, तेव्हा श्रोत्यांमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन होते. कॉलेजसाठी निधी जमवून थोबर्न लखनौला परतल्या आणि १ सप्टेंबर १९०१ रोजी कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. त्यानंतर कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले.

कॉलेजची आजची उंच खांबांची इमारत लखनौच्याच चांदबागेत आहे. लखनौ विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर कॉलेज त्याच्याशी संलग्न झाले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात येथे आले. रशीद जहाँ, अतिया हुसैन, इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर या लेखिका याच कॉलेजात शिकल्या.