लष्करी ट्रक ते वणव्याचा बंब

अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्सस या राज्यांच्या गवताळ मुलखात हिवाळा सरता सरता वाळलेले गवत आणि सोसाट्याचा वारा एकत्र आले की वणवे पेटतात. ते विझवायला सर्वांत आधी पोहोचतात ती गावोगावची स्वयंसेवी अग्निशमन दले. शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्या या माणसांना रानात उतरू शकणारा नवा कोरा बंब विकत घेणे बहुधा परवडत नाही. म्हणून सैन्याने सेवेतून काढलेले ट्रक केंद्र सरकारच्या वनसेवेच्या योजनांमधून त्यांच्यापर्यंत पोहोचतात. एका योजनेत गाडीची मालकी केंद्र सरकारकडेच राहते आणि दलाला ती वापरायला मिळते. दुसऱ्या योजनेत अटी पूर्ण केल्यावर गाडी दलाच्या मालकीची होते. 2014 साली जुन्या इंजिनांच्या धुराच्या निकषांवरून हा पुरवठा अचानक थांबला, तेव्हा ग्रामीण भागातून मोठी ओरड झाली आणि तो लवकरच पुन्हा सुरू करण्यात आला.

अशा ट्रकांपैकी एक म्हणजे एम-35. मिशिगन राज्यातील रिओ कंपनीने 1950 च्या सुमारास घडवलेला हा ट्रक सहाही चाकांना जोर देतो, आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांमधील इंजिन डिझेलवर तर चालतेच, पण अडीअडचणीला विमानाच्या इंधनावरही चालते. खाचखळगे, चिखल आणि उतार पार करण्याची त्याची ताकद पाहिली की हौद्यात मावेल तेवढी मोठी टाकी बसवावी, असा मोह कोणालाही होतो. रूपांतराचे काम नेमके इथेच बिघडते.

या ट्रकाची रस्ता सोडून चालतानाची वहनक्षमता अडीच टन, म्हणजे सुमारे 2270 किलो आहे. हजार गॅलनची, म्हणजे साधारण 3785 लिटरची टाकी भरली तर पाण्याचेच वजन 3785 किलो होते, आणि पोलादी टाकी, पंप, नळ्या, अवजारे व माणसे यांचा भार त्यावर वेगळा पडतो. पक्क्या रस्त्यासाठी क्षमता याच्या दुप्पट धरलेली आहे खरी, परंतु वणवा काही रस्त्यावर लागत नाही. शिवाय पाणी स्थिर राहत नाही. टाकी अर्धवट भरलेली असताना वळणावर ते एका बाजूला धावते आणि आधीच उंच असलेली गाडी कलंडू लागते. त्यामुळे जाणती दले लहान टाकी निवडतात, तिच्यात लाटा अडवणारे आडवे-उभे पडदे बसवतात आणि ती शक्य तितकी खाली ठेवतात. सैन्याच्या इंधनवाहू ट्रकाची आयती टाकी पाण्यासाठी वापरणे तर आणखी धोक्याचे आहे, कारण पेट्रोल पाण्याच्या जेमतेम तीन चतुर्थांश वजनाचे असते. कमी पाणी घेऊन दोनदा फेरी मारणे केव्हाही बरे.

यानंतर येतात ब्रेक. एम-35 च्या सहाही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागावर, आणि तेलाच्या एकाच मार्गावर अवलंबून असतात. एखाद्या चाकाजवळची रबरी नळी फुटली तरी पेडल थेट तळाला जाते आणि चालकाच्या हाती उरतो फक्त हँडब्रेक. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवून पुढची आणि मागची चाके वेगळी करणे, हा आमच्या मते या गाडीवर केलेला सर्वांत मोलाचा बदल आहे. पाण्याचा भार घेऊन उतारावर जाणाऱ्या गाडीत तो टाळणे समर्थनीय नाही.

विजेचेही तसेच आहे. लष्करी गाडी 24 व्होल्टची, तर वायरलेस आणि लाल दिवे बहुधा 12 व्होल्टचे असतात. गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्याने पैकी एकीवरूनच वायर काढण्याची पळवाट सोपी वाटते. पण मग एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भारित होते आणि दोन्ही लवकर निकामी होतात. त्याऐवजी व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो.

मागच्या जोडचाकांच्या फटीत दगड अडकतात, म्हणून अनेक जण तिथे रुंद एकेरी टायर बसवतात. ते पुढेही बसवले की स्टिअरिंग फार जड होते आणि त्याला हायड्रॉलिक जोड द्यावी लागते.

रंगकाम मात्र घाईने उरकू नये. रासायनिक अस्त्रांना दाद न देणाऱ्या लष्करी रंगाच्या थरांमध्ये, विशेषतः जुन्या अस्तरात, क्रोमियमची विषारी संयुगे असू शकतात. तो कोरडा घासला तर धूळ थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे योग्य मास्क आणि धूळ शोषणारी यंत्रणा यांशिवाय घासकामाला हात लावू नये. मालकी देणाऱ्या योजनेत गाडी सहा महिन्यांत सेवेत आणावी लागते. या मुदतीत दलाने आधी ब्रेक आणि टाकी पूर्ण करावी, पाणी, अवजारे आणि माणसांसह भरलेली गाडी वजनकाट्यावर एकेका धुऱ्याने तोलून घ्यावी, आणि भार मर्यादेत असल्याची खात्री पटल्यावरच तिच्यावर लाल किंवा पिवळा हात फिरवावा.