अंगणातला ट्रॅम्पोलिन आणि वरचा माड

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचा फोन आला. ती गोव्यात मोरजीला राहते, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. "ताई, पोरांसाठी अंगणात ट्रॅम्पोलिन घेतेय. ८ फुटी घेऊ की १० फुटी?" मी विचारलं, "तुझ्या अंगणात माड किती?" तिला वाटलं, मी चेष्टाच करतेय. ट्रॅम्पोलिन म्हणजे गोल सांगाड्याला स्प्रिंगांनी ताणून बांधलेला, उड्या मारायचा पट.

रविवारी टेप घेऊन गेले. ८ फुटी म्हणजे गोलाचा व्यास ८ फूट. पण पोर कुठे कोलमडेल याचा नेम नाही, म्हणून सभोवार निदान साडेसहा फूट मोकळं हवं. झाला २१ फुटांचा चौक! त्यात गडगा नको, विहिरीचा कठडा नको, तुळशीवृंदावन नको, कपड्यांची तार तर नकोच नको. एवढं मोकळं म्हणावं असं अंगण गोव्यात कितीकांकडे आहे? तिला हवी होती ती जागा बलकांवासमोर, म्हणजे घराच्या दारातल्या बैठकीच्या ओसरीसमोर, दोन माडांच्या मधोमध. नारळ वेळेवर पाडून घेतो, असं भावोजी म्हणाले. घेतही असतील. पण वाळकं चुडत, म्हणजे माडाची झावळी, पडताना कोणाला विचारून पडतं? त्याचा बुडखा हातात धरून पाहा, मग कळेल. शेवटी परसात, जुन्या भाजीच्या वाफ्यांवर जागा ठरली. माती मऊ होती, उतार तेवढा भरून घेतला. फरशीवर किंवा उघड्या चिऱ्यावर मात्र ही वस्तू कधी मांडू नका.

गंमत म्हणजे 'ट्रॅम्पोलिन' हा शब्द आपल्या गोव्यातल्या जुन्या मंडळींना परका नसावा. पोर्तुगीजमध्ये 'ट्रांपोलिम' म्हणजे पाण्यात सूर मारायची फळी. आजचा ट्रॅम्पोलिन अमेरिकेतल्या जॉर्ज निसनने लॅरी ग्रिसवोल्डच्या साथीने १९३०च्या दशकात बनवला. सर्कशीतले झुल्यावरचे कसरतपटू खेळ संपताना खालच्या जाळीवर उसळतात, ते निसनने पाहिलं होतं. सिडनीत २००० साली तर हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला. पण तिथे एका वेळी एकच खेळाडू पटावर चढतो. आपल्याकडे मे महिन्यात मामाच्या घरी पोरं किती, सांगा बघू?

नेमकं तेच झालं. भाची ७ वर्षांची. ती उड्या मारत होती आणि भावोजी, वजन ८० किलो, "मीपण जरा बघतो" म्हणत चढले. ते खाली दाबले गेले आणि पट वर उसळला तेव्हा पोरगी नेमकी त्यावर होती. कढईतली लाही उडावी तशी उडाली. पटाभोवतीच्या उभ्या जाळीला आपटून खाली बसली, लागलं नाही, पण दोन मिनिटं तोंडातून शब्द नाही. जड माणसाने पटात भरलेला जोर असा हलक्याच्या पायांत येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनुसार ट्रॅम्पोलिनवरच्या बहुतेक दुखापती एकाहून जास्त जण चढल्यावरच होतात. सहा वर्षांखालच्यांना तर चढवूच नका, त्यांची हाडं कोवळी. त्या संघटनेचं मत विचाराल तर घरी ट्रॅम्पोलिन नकोच. मी तेवढी कडक नाही. पण शेजारी उभं राहून "आता तू उतर, आता तिची पाळी" म्हणणारं मोठं माणूस रोज मिळणार नसेल, तर पैसे राखून ठेवा.

दुकानात पोरांचं लक्ष रंगाकडे असतं, तुमचं स्प्रिंगांकडे असू द्या. खारा वारा लोखंड खातो, हे किनाऱ्यावरच्यांना मी काय सांगणार? खिडकीचे गज बघा. सांगाडा आणि स्प्रिंगा जस्ताचा मुलामा दिलेल्या हव्यात. नळीचं तोंड आतूनही बघा, पुष्कळदा मुलामा बाहेरच असतो. जाळी स्प्रिंगांच्या आतल्या बाजूने उभी राहणारी घ्या, म्हणजे पोराचा पाय फटीत जात नाही. पटाच्या कडेची शिवण मात्र दर महिन्याला नखाने उचकून पाहायची. आपल्या उन्हात धागा आधी पांढरट होतो, मग भुगा होतो. बहिणीच्या पटाच्या पश्चिमेच्या अंगाचे दोन टाके सहा महिन्यांत सैल झाले होते.

जूनच्या पहिल्या सरीआधी आम्ही तो उतरवला. समोरासमोरच्या स्प्रिंगा एकाआड एक काढायच्या, नाहीतर पट एका बाजूला ओढला जातो. हातमोजे विसरू नका, माझ्या अंगठ्याला अजून खूण आहे. स्प्रिंगांना ग्रीस लावून त्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा गेला पलंगाखाली. बाहेर पाऊस कोसळतोय. भाची रोज संध्याकाळी तो डबा ओढून काढते, खुळखुळवते आणि स्प्रिंगा मोजते. ४८ भरल्या की पुन्हा आत ढकलते. काल फोनवर म्हणाली, "मावशी, एक गंजलीय. बाबांना सांगू नकोस, ते परत चढतील तेव्हा ती त्यांच्याच बाजूला लावूया."