अँझॅक दिनाचा सामना दरवर्षी त्याच दोघांचा का?

मंडळी, नमस्कार.

25 एप्रिल हा अँझॅक दिन, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा स्मरणदिन. पहाटेची मानवंदना झाली की दुपारी मेलबर्नची पावलं एमसीजीकडे, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडकडे वळतात. तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात 1995 पासून दोनच संघ उतरतात, कॉलिंगवुड आणि एसेंडन. एएफएल या त्यांच्या लीगमध्ये संघ आहेत 18. बाकीच्या जुन्या क्लबांचे खेळाडूही पहिल्या महायुद्धात कामी आले आहेत.

या दोघांचं श्रेय मोठं आहे, ते मान्यच करायला हवं. एसेंडनचे तेव्हाचे प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. पहिल्याच वर्षी 94,825 प्रेक्षक आले आणि सामना 111-111 असा बरोबरीत सुटला. 2023 मध्ये हा आकडा 95,179 वर गेला. ही गर्दी त्यांनी कमावलेली आहे.

पण मान वेगळा आणि मिळकत वेगळी. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती ठरलेले आहेत. त्या क्रमाला तिकीट नाही. इथे यजमानपद दोघांत आलटून पालटून फिरतं आणि त्याबरोबर तिकिटं, प्रायोजक, नवे सभासद हेही. शिवाय राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा सामना बहुतेक वर्षी कॉलिंगवुड आणि मेलबर्न क्लबचा, आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाचा ‘ड्रीमटाइम’ सामना रिचमंड आणि एसेंडनचा. म्हणजे वर्षातले दोन-दोन मोठे दिवस याच दोघांकडे. नॉर्थ मेलबर्नसारख्या लहान क्लबाने सभासद वाढवायचे कुठून?

आमचं म्हणणं असं: तीन वर्षांचं चक्र लावा. एक वर्ष कॉलिंगवुड-एसेंडन, पुढची दोन वर्षं इतरांची. उरलेल्या 16 संघांत आठ व्हिक्टोरियाचे, म्हणजे मेलबर्नच्याच राज्याचे आहेत आणि आठ बाहेरच्या राज्यांचे. प्रत्येक सामन्यात एक इथला, एक बाहेरचा अशी जोडी लावली तर 12 वर्षांत सगळ्यांची पाळी येते आणि जुनी जोडीही चारदा खेळते. दोन्ही संघ बाहेरचे घेतले तर मात्र एमसीजी अर्धं रिकामं राहील. स्मरणदिनी तसं दिसणं बरं नव्हे.

खरी अडचण तारखेची आहे. 25 एप्रिल हलत नाही, वार हलतो. 2018 मध्ये बुधवार होता, 2023 मध्ये मंगळवार. दोन्ही संघांना आदल्या आणि पुढच्या सामन्याआधी पुरेशी विश्रांती मिळायला हवी, आणि पर्थहून येणाऱ्यांचा चार तासांचा विमानप्रवास धरावा लागतो. वार आठवड्याच्या मधला असेल त्या वर्षी पर्थचे दोन संघ टाळून ॲडलेड किंवा सिडनीचा संघ घ्यावा.

‘लास्ट पोस्ट’ची बिगुलधून, स्तब्धता, सर्वोत्तम खेळाडूचं अँझॅक पदक यांतलं काहीच बदलायला नको. आणि संघ बदलायला एएफएल तयार नसेल, तर निदान यजमानाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा अठराही क्लबांत वाटायला पुढच्याच हंगामापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी वेळापत्रकातला एकही सामना हलवावा लागत नाही.