पॉइंटर कसा निघतो?

नमस्कार श्रोतेहो.

निकाल लागला की पहिला फोन मामाचा नाहीतर आत्याचा. प्रश्नही ठरलेला: "किती टक्के?" मुलगी सांगते, "सात पॉइंट एकाहत्तर." पलीकडे क्षणभर शांतता. हे एकाहत्तर टक्के धरायचे की सत्त्याहत्तर? मग "बरं बरं, छान" म्हणून बोलणं पावसापाण्यावर जातं. गंमत अशी, की मुलीला विचारलं, हा आकडा आला कुठून, तर बऱ्याचदा तिलाही सांगता येत नाही. कॉलेजात सगळे "पॉइंटर किती?" असंच विचारतात, पण तो काढून बघणारे थोडे. आज तो काढू या. कागद आणि पेन्सिल जवळ असेल तर घ्या, अवघड काही नाही.

आधी श्रेणी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून दहा गुणांची मोजपट्टी सुचवली. ओ श्रेणीला १० गुण, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, जेमतेम पास झालेल्याला ४, आणि एफ म्हणजे नापास, शून्य. परीक्षेला गैरहजर राहिलात तरी शून्यच. यांना म्हणायचं श्रेणीगुण.

पण शंभरपैकी किती मिळाले की ओ, हे ज्याने त्याने ठरवायचं. नवं शैक्षणिक धोरण येण्याआधी मुंबई विद्यापीठाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत ८० ला ओ मिळायचा आणि ७० पासून ए प्लस. म्हणजे ७० वाला आणि ७९ वाला दोघेही नऊवर, आणि ७९ व ८० यांच्यात मात्र अख्ख्या एका गुणाचा फरक. आयआयटी मुंबईत तर वेगळीच तऱ्हा. तिथे एए, एबी, बीबी अशा श्रेण्या असतात आणि पॉइंटरला सीपीआय म्हणतात. बाकीच्या वर्गाने पेपर कसा सोडवला, हेही तिथे श्रेणी ठरवताना पाहिलं जातं. म्हणून दोन संस्थांचे पॉइंटर शेजारी ठेवून "तिला जास्त, याला कमी" असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. सत्रभरात १५ तासांची शिकवणी म्हणजे एक श्रेयांक. आठवड्याला चार तास असलेला विषय चार श्रेयांकांचा. प्रात्यक्षिकाला मात्र ३० तासांचा एक. दुपारभर प्रयोगशाळेत उभं राहायचं आणि हिशेबात निम्मंच धरायचं, यावर विज्ञानाची मुलं कुरकुरतात. माझ्या मते त्यांचं काही चुकत नाही.

नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं. त्यात एका सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्याचा विषय, एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना किंवा खेळ अशी बरीच लहानमोठी खाती झाली आहेत. म्हणूनच हा हिशेब आता जास्त महत्त्वाचा.

सगळी खाती घेतली तर रेडिओवर गोंधळ होईल, म्हणून पाचच घेऊ. लिहा. भौतिकशास्त्र, श्रेयांक ४, श्रेणी बी, म्हणजे ६: चार सक चोवीस. गणित, श्रेयांक ४, बी प्लस, म्हणजे ७: चार साते अठ्ठावीस. भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक, श्रेयांक २, ओ: वीस. इंग्रजी, श्रेयांक २, ए: सोळा. एनएसएस, श्रेयांक २, ओ: वीस. सगळ्याची बेरीज १०८. श्रेयांकांची बेरीज १४. आता १०८ भागिले १४. उत्तर ७.७१. झाला एसजीपीए, म्हणजे त्या सत्राचा पॉइंटर.

बरेच जण काय करतात? ६, ७, १०, ८, १० यांची बेरीज करून पाचाने भागतात. येतात ८.२. मग निकालपत्र हातात आलं की "विद्यापीठाने माझे गुण खाल्ले!" खाल्ले कुणीच नाहीत. दोन श्रेयांकांचे दहा आणि चार श्रेयांकांचे सहा यांना सारखं मोजलं, एवढंच.

हाच कागद अभ्यासाचं वेळापत्रक आखायलाही कामी येतो. समजा इंग्रजी ए वरून ओ वर नेलं. वाढ दोन श्रेणीगुणांची, दुप्पट करून चार. ११२ भागिले १४, बरोबर ८. आता तेवढीच दोन गुणांची उडी भौतिकशास्त्रात मारली, बी वरून ए वर, तर वाढतात आठ. ११६ भागिले १४ म्हणजे ८.२९. उडी तेवढीच, फळ दुप्पट. एनएसएसच्या वहीला सुंदर कव्हर घालण्यात जाणारी रात्र कुठे लावायची, ते ज्याचं त्याने बघावं.

आणि केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर? गणितात एफ आला असं धरा. २८ गेले, उरले ८०. पण भागायचं चौदानेच, कारण नापास विषयाचे श्रेयांक खालून हटत नाहीत. येतात ५.७१. पुष्कळ ठिकाणी तर सगळे विषय सुटेपर्यंत एसजीपीएच्या जागी नुसती आडवी रेघ छापून येते. त्याने घाबरू नका, विषय सुटला की आकडा येतो.

सगळ्या सत्रांचा मिळून जो पॉइंटर, तो सीजीपीए. तिथेही तोच सापळा आहे. एका सत्रात २० श्रेयांक आणि पॉइंटर ७, दुसऱ्यात १२ श्रेयांक आणि पॉइंटर ९. सरळ सरासरी ८. खरा हिशेब असा: १४० अधिक १०८, म्हणजे २४८, भागिले ३२. येतात ७.७५.

आता जे सांगतो ते पहिल्या वर्षाच्या मुलांनी कान देऊन ऐकावं. पहिल्या सत्रात ६.५ पॉइंटर पडला आणि दुसऱ्या सत्राअखेर तो ७ करायचा आहे. दोन्ही सत्रं २२ श्रेयांकांची. तर दुसऱ्यात ७.५ हवेत. जमण्यासारखं आहे. पण पाच सत्रं ६.५ वर काढली आणि सहाव्यात जागे झालात तर? पाच सत्रांचे श्रेयांक ११०, गुण ७१५. सहा सत्रांअखेर ७ हवे तर १३२ गुणिले ७, म्हणजे ९२४. राहिले २०९, आणि ते मिळवायला श्रेयांक फक्त २२. म्हणजे शेवटच्या सत्रात ९.५! अर्ध्या गुणासाठी निम्म्या श्रेयांकांत ओ आणि उरलेल्या सगळ्यांत ए प्लस. मुलाखतीला येणाऱ्या कंपन्या सीजीपीएची अट आधीच कळवतात, आणि हा कागद मांडायची आठवण मुलांना नेमकी तेव्हा होते.

आता मामाच्या प्रश्नाकडे: टक्के किती? ७.७१ ला दहाने गुणणारे ७७.१ सांगतात. काही जण साडेनऊने गुणून ७३.२ काढतात. तो साडेनऊचा आकडा सीबीएसईने दहावीसाठी दिला होता, पदवीशी त्याचा संबंध नाही. अभियांत्रिकीसाठी एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षण परिषद, हिच्या तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के आणि ७.७५ ला ७० टक्के आहेत, म्हणजे आधी पाऊण वजा करायचा आणि मग दहाने गुणायचं. त्या हिशेबाने ७.७१ चे ६९.६ टक्के. एकाच मुलीचे तीन आकडे! खरा कुठला? तिच्या विद्यापीठाचं सूत्र सांगेल तो. ते बहुतेक वेळा निकालपत्राच्या मागे छापलेलं असतं.

जर्मनीला जाणारी आपली मुलं वाढली आहेत, त्यांच्यासाठी एक. तिथे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. दहातून आपला पॉइंटर वजा करा, आले २.२९. दहा आणि पासाचा आकडा ४ यांतला फरक ६, त्याने भागा. तीनने गुणा, एक मिळवा. येतात साधारण २.१. आकडा लहान झाला म्हणून घरच्यांनी हबकून जाऊ नये.

अर्ज भरताना रकाना सीजीपीएचा असेल तर पॉइंटर जसाच्या तसा लिहा, दोन दशांश स्थळांपर्यंत, वर ढकलू नका. टक्के मागितले असतील तर विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा. रूपांतराचा दाखला परीक्षा विभागातून मिळतो. तो अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नका, तेव्हा खिडकीपुढे सगळा जिल्हा उभा असतो.

नमस्कार.